जॉर्ज मायकन : ज्यांच्यामुळे बास्केटबॉलचे नियम बदलले

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीए ही आज जगातील अत्यंत श्रीमंत क्रीडासंस्थांपैकी एक गणली जाते. तिच्या आघाडीच्या खेळाडूंचे वार्षिक मानधन कोट्यवधी डॉलरच्या घरात गेले आहे. तथापि, दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास पैसे घेऊन बास्केटबॉल खेळणे हा भरवशाचा व्यवसाय मानला जात नव्हता. संघ निघत, हंगामभर कसेबसे तग धरत आणि मालकाचा खिसा रिकामा झाला की बंद पडत. त्या अस्थिर काळात केवळ आपल्या नावावर तिकिटे खपवू शकणारा पहिला मोठा खेळाडू या खेळाला लाभला. तो म्हणजे जॉर्ज मायकन (१८ जून १९२४ – १ जून २००५).

सहा फूट दहा इंच उंची, सुमारे १११ किलो वजन, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि पाठीवर ९९ क्रमांक असे त्यांचे रूप होते. आठ वर्षांत सात विजेतीपदे मिळवणाऱ्या मायकन यांना रोखण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना डावपेच अपुरे पडले आणि अखेर खेळाच्या नियमांतच बदल करावे लागले. ज्या व्यवसायाच्या उभारणीत त्यांचा एवढा वाटा होता, त्याच व्यवसायाकडून वृद्धापकाळी पुरेसे निवृत्तिवेतन मिळावे यासाठी मात्र त्यांना अखेरपर्यंत झगडावे लागले. त्यांची कारकीर्द समजून घेताना या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात.

व्यवसायाची बाल्यावस्था

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉलचा शोध लावला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा असा खेळ त्यांना हवा होता. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगून त्यांनी तो सुरू केला. पुढच्या काही वर्षांतच पैसे घेऊन खेळणारे संघ निघाले, पण विद्यापीठांच्या सामन्यांना जी प्रतिष्ठा व गर्दी लाभे ती या संघांच्या वाट्याला कधी आली नाही.

१९३७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बास्केटबॉल लीगमागे (एनबीएल) प्रामुख्याने मध्य-पश्चिम अमेरिकेतील कारखानदार होते. फायरस्टोन, गुडइयर, जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या कंपन्यांचे संघ तीत खेळत. १९४६ मध्ये मोठ्या शहरांतील क्रीडागृहांच्या मालकांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका (बीएए) ही दुसरी लीग काढली. आइस हॉकीचे सामने नसतील त्या दिवशी क्रीडागृह रिकामे राहू नये, हा त्यामागील सरळ व्यापारी हिशेब होता. एका लीगकडे नामवंत खेळाडू होते, तर दुसरीकडे मोठी क्रीडागृहे. मायकन यांचे व्यावसायिक पदार्पण झाले ते याच १९४६ साली.

चष्म्यामुळे नाकारलेला मुलगा

मायकन यांचा जन्म शिकागोजवळच्या जोलिएट या औद्योगिक गावातला. वडील क्रोएशियन वंशाचे, तर आई लिथुआनियन वंशाची. कुटुंबाची उपजीविका एका खाणावळवजा मद्यगृहावर चाले. लहानपणीच उंची भराभर वाढल्याने शरीर बेडौल झाले आणि चालण्यात अवघडलेपण आले. गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीने तर त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. जोलिएटमधील शाळेच्या संघातून त्यांना वगळण्यात आले, ते चष्मा लावतात या कारणावरून. चष्म्याविना त्यांना टोपली नीट दिसत नसे आणि चष्म्यासह त्यांना कोणी खेळू देईना.

पुढे धर्मगुरू होण्याच्या उद्देशाने त्यांनी शिकागोतील क्विग्ली या धार्मिक विद्यालयात प्रवेश घेतला. मात्र खेळाची ओढ कायम होती. नॉटर डेम विद्यापीठाच्या संघासाठी त्यांनी चाचणी दिली. तेथील प्रशिक्षक जॉर्ज किओगन यांनी त्यांचा अवघडलेपणा पाहून, अभ्यासात लक्ष घालावे, असा सल्ला देत त्यांना परत पाठवले. मायकन शिकागोतील डीपॉल विद्यापीठातच राहिले. या नकारातूनच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

दोरीवरच्या उड्या आणि नृत्याचे धडे

नॉटर डेममध्ये किओगन यांचे सहायक असलेले रे मेयर १९४२ मध्ये डीपॉलचे प्रशिक्षक झाले. तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. त्या काळी अतिउंच खेळाडू बास्केटबॉलसाठी निरुपयोगी मानला जाई. उंच माणूस मंद असतो, त्याला वळता येत नाही, चेंडू पकडता येत नाही, असा प्रशिक्षकांचा सर्वसाधारण समज होता. मेयर यांनी तो मानला नाही.

त्यांनी मायकन यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला. पायांत चपळता यावी म्हणून दोरीवरच्या उड्या, हात व नजर यांचा मेळ बसावा म्हणून मुष्टियुद्धाचा सराव आणि शरीराला लय यावी म्हणून चक्क नृत्याचे धडे! चेंडूच्या सरावाची शिस्त तर अधिकच कडक होती. टोपलीखाली उभे राहून एकदा उजव्या बाजूने उजव्या हाताने आणि लगेच डाव्या बाजूने डाव्या हाताने चेंडू टाकायचा, तो खाली पडू न देता झेलायचा आणि हा क्रम शेकडो वेळा चालू ठेवायचा. ‘मायकन ड्रिल’ या नावाने हा सराव आजही जगभरातील प्रशिक्षक नवोदितांकडून करवून घेतात.

या मेहनतीतून मायकन यांचा हूक शॉट तयार झाला. टोपलीकडे खांदा करून, हात डोक्यावरून कमानीसारखा फिरवत टाकलेला हा चेंडू अडवणे बुटक्या बचावपटूला जवळपास अशक्य असे. शिवाय मायकन यांना तो दोन्ही हातांनी तितक्याच सफाईने टाकता येई. पुढील काळात ‘सेंटर’ या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूकडून जी अपेक्षा धरली जाऊ लागली, तिचा पाया येथे घातला गेला.

टोपलीवरचा पहारा

बचावात मायकन यांचा उपयोग निराळ्याच प्रकारे होऊ लागला. ते टोपलीजवळ उभे राहत आणि प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू टोपलीत उतरण्याच्या बेतात असतानाच वरच्या वर परतवून लावत. ओक्लाहोमा ए अँड एम संघाचा सात फुटी बॉब कर्लंड हाही तेच करी. टोपलीला असा पहारा बसल्यावर खेळात अर्थ काय उरणार, असा प्रश्न उभा राहिला. साहजिकच विद्यापीठीय क्रीडा नियंत्रण संस्थेने १९४४ मध्ये खाली येणाऱ्या चेंडूला टोपलीजवळ हात लावण्यास मनाई केली. ‘गोलटेंडिंग’ म्हणून ओळखला जाणारा हा नियम आज जगभर लागू आहे.

नियम बदलला तरी मायकन यांचा दबदबा ओसरला नाही. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील नॅशनल इन्व्हिटेशन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात डीपॉलने ऱ्होड आयलंड स्टेट संघाला ९७-५३ असे नमवले. त्यात मायकन यांचे एकट्याचे गुण ५३, म्हणजे संपूर्ण प्रतिस्पर्धी संघाइतकेच होते. अंतिम सामन्यात बोलिंग ग्रीनला हरवून डीपॉलने स्पर्धा जिंकली. त्यानंतर रेडक्रॉसच्या मदतनिधीसाठी झालेल्या लढतीत कर्लंडच्या संघाने डीपॉलला ५२-४४ असे हरवले. वैयक्तिक फाउलची मर्यादा लवकर संपल्याने मायकन यांना त्या सामन्यात बराच काळ बाहेर बसावे लागले होते.

६० हजार डॉलरचा करार

१९४६ मध्ये एनबीएलमधील शिकागो अमेरिकन गिअर्स या संघाने मायकन यांच्याशी पाच वर्षांसाठी ६० हजार डॉलरचा करार केला. त्या काळाच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी होती. पहिल्याच हंगामात मानधनावरून वाद होऊन ते काही आठवडे संघाबाहेर राहिले. तरीही परतल्यावर त्यांनी गिअर्सला १९४७ चे एनबीएल विजेतेपद मिळवून दिले.

या यशाने संघमालक मॉरिस व्हाइट यांच्या महत्त्वाकांक्षेला पंख फुटले. एनबीएलमधून बाहेर पडून त्यांनी स्वतःचीच लीग काढली. ती महिनाभरही टिकली नाही. गिअर्स संघ विसर्जित झाला आणि देशातील सर्वाधिक गाजलेला बास्केटबॉलपटू संघाविना उरला. व्यावसायिक बास्केटबॉलचा पाया तेव्हा किती ठिसूळ होता, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही.

बंद पडलेल्या संघाचे खेळाडू एनबीएलच्या इतर संघांत वाटण्यात आले. निवडीचा पहिला मान आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाचा होता. तो संघ म्हणजे डेट्रॉइट जेम्स. मिनेसोटातील बेन बर्जर व मॉरिस चाल्फेन या उद्योजकांनी त्याचे हक्क १९४७ मध्ये अवघ्या १५ हजार डॉलरना विकत घेऊन तो मिनियापोलिसला आणला होता. मिनेसोटा हे सरोवरांचे राज्य म्हणून संघाला नाव दिले गेले ‘लेकर्स’. पुढे १९६० मध्ये लॉस एंजेलिसला स्थलांतरित होऊन जगप्रसिद्ध झालेला संघ तो हाच.

लेकर्सचे साम्राज्य

प्रशिक्षक जॉन कुंडला यांच्या लेकर्समध्ये मायकन यांच्या जोडीला चपळ जिम पोलार्ड होते. पुढे ताकदवान व्हर्न मिकल्सन आणि चेंडूवर हुकमत असलेले स्लेटर मार्टिन येऊन मिळाले. संघाने १९४८ मध्ये एनबीएलचे विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी शिकागोतील जागतिक व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या ख्यातनाम न्यूयॉर्क रेन्स संघाचा ७५-७१ असा पराभव केला. मायकन यांनी त्यात ४० गुण मिळवले.

पुढच्या हंगामात लेकर्स बीएएमध्ये दाखल झाले. १९४९ च्या अंतिम फेरीत त्यांची गाठ रेड आउरबाख यांच्या वॉशिंग्टन कॅपिटॉल्सशी पडली. चौथ्या सामन्यात मायकन यांच्या मनगटाचे हाड मोडले. हाताला प्लास्टर असतानाही पाचव्या सामन्यात उतरून त्यांनी २२ गुण मिळवले. मालिका लेकर्सने ४-२ अशी जिंकली. ऑगस्ट १९४९ मध्ये एनबीएल व बीएए यांचे विलीनीकरण होऊन एनबीए हे नाव अस्तित्वात आले. लेकर्सने १९५०, १९५२, १९५३ आणि १९५४ मध्ये एनबीएचे विजेतेपद मिळवले. १९५१ मध्ये पायाचे हाड तडकल्याने मायकन जायबंदी होते आणि रोचेस्टर रॉयल्सने लेकर्सला अंतिम फेरीपूर्वीच बाद केले. संघाचा डोलारा एका माणसावर किती अवलंबून होता हे त्यातून दिसून आले.

वर्णभेदाच्या भिंतीला तडा

मायकन यांच्या कारकिर्दीतील एका पराभवाला त्यांच्या अनेक विजयांहून अधिक ऐतिहासिक महत्त्व आहे. १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागो स्टेडियममध्ये लेकर्सची गाठ हार्लेम ग्लोबट्रॉटर्सशी पडली. कृष्णवर्णीय खेळाडूंचा हा संघ गावोगावी फिरून प्रदर्शनीय सामने खेळे. चेंडूच्या कसरतींनी प्रेक्षकांना हसवणारे खेळाडू एवढीच त्यांची ख्याती होती. गोऱ्या व्यावसायिकांपुढे त्यांचा टिकाव लागणार नाही असे अनेकांना वाटत होते.

सामना पाहण्यास १७ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. मध्यंतराला लेकर्स आघाडीवर होते. उत्तरार्धात ग्लोबट्रॉटर्सनी मायकन यांच्याभोवती कडे करून बरोबरी साधली आणि अर्मर रॉबिन्सन यांनी अखेरच्या क्षणी लांबून टाकलेल्या चेंडूने ६१-५९ असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी ग्लोबट्रॉटर्सनी लेकर्सला पुन्हा हरवले. कृष्णवर्णीय खेळाडू कौशल्यात कमी पडतात हे म्हणणे यानंतर कोणाला टिकवता येईना. १९५० मध्ये चक कूपर, नॅट क्लिफ्टन व अर्ल लॉइड यांच्या रूपाने एनबीएची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना खुली झाली.

‘जिओ. मायकन विरुद्ध निक्स’

डिसेंबर १९४९ मध्ये लेकर्सचा संघ न्यूयॉर्कला आला तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दर्शनी फलकावर ‘जिओ. मायकन विरुद्ध निक्स’ अशी अक्षरे झळकत होती. लेकर्सचे नावच नव्हते! त्यावरून सहकाऱ्यांनी मायकन यांची चांगलीच फिरकी घेतली. सामन्याची वेळ झाली तरी ते कपडे न बदलता बसून राहिले. जाहिरात तुमची आहे, तर तुम्हीच एकटे खेळा, असे त्यांनी मायकन यांना ऐकवले. हा किस्सा गमतीचा असला तरी त्यामागील व्यापार गंभीर होता. एनबीएच्या १९४९-५० च्या हंगामात १७ संघ होते, ते १९५४ च्या अखेरीस आठवर आले. अशा पडझडीच्या काळात लेकर्स पाहुणे म्हणून आले की यजमान संघाच्या गल्ल्यात भर पडे, ती मायकन यांच्यामुळे.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या १९५० मधील पाहणीत मायकन यांना अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून निवडण्यात आले. ‘मिस्टर बास्केटबॉल’ हे बिरुदही त्यांना चिकटले.

१९-१८

मायकन यांना रोखण्याच्या प्रयत्नांची परमावधी झाली ती २२ नोव्हेंबर १९५० रोजी. मिनियापोलिस येथे आलेल्या फोर्ट वेन पिस्टन्स संघाने त्यांच्या हाती चेंडूच लागू द्यायचा नाही, असा निश्चय केला. पिस्टन्सचे खेळाडू चेंडू हातात धरून नुसते उभे राहू लागले. टोपलीत चेंडू किती वेळात टाकावा याचे बंधन तेव्हा नव्हते, त्यामुळे पंचांचाही इलाज चालेना. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सामन्याच्या शेवटच्या बारा मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले. अखेरचे काही सेकंद उरले असताना लॅरी फाउस्ट यांनी केलेल्या बास्केटमुळे पिस्टन्सने १९-१८ असा सामना जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकन यांचे होते. एनबीएच्या इतिहासात इतक्या कमी गुणांचा दुसरा सामना झालेला नाही.

पिस्टन्सचा डाव नियमाला धरून होता, परंतु तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाच्या हाती काही लागले नाही. चेंडू अडवून धरण्याचा हा प्रकार पुढेही चालू राहिला. अखेर सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहावरून १९५४-५५ च्या हंगामात २४ सेकंदांचे बंधन घालण्यात आले. बियासोन यांचा हिशेब साधा होता. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा टोपलीकडे चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार आला २४. या एका नियमाने प्रत्येक संघाचे सरासरी गुण एकाच वर्षात ७९.५ वरून ९३.१ वर गेले आणि खेळाला वेग आला.

सहा फुटांचे बारा फूट

मायकन यांना थेट डोळ्यांपुढे ठेवून केलेला बदल १९५१-५२ च्या हंगामात अमलात आला. टोपलीपुढील आखलेल्या पट्ट्यात आक्रमक संघाच्या खेळाडूला सलग तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. हा पट्टा पूर्वी सहा फूट रुंद होता. त्याच्या कडेला उभे राहिले तरी मायकन यांच्यासारख्या धिप्पाड खेळाडूला टोपली हाताच्या अंतरावर असे. एनबीएने पट्ट्याची रुंदी दुप्पट, म्हणजे १२ फूट केली. मायकन यांची प्रतिसामना गुणांची सरासरी २८.४ वरून २३.८ वर आली आणि सर्वाधिक सरासरीचा मान फिलाडेल्फियाच्या पॉल अरिझिन यांच्याकडे गेला. तथापि, त्याच हंगामात, २० जानेवारी १९५२ रोजी, मायकन यांनी रोचेस्टरविरुद्ध ६१ गुण मिळवून आपली वैयक्तिक सर्वोच्च कामगिरी नोंदवली. पुढे विल्ट चेंबरलेन यांच्या काळात, १९६४ मध्ये, हाच पट्टा १६ फूट करण्यात आला.

मार्च १९५४ मध्ये तर मिलवॉकी हॉक्सविरुद्धच्या एका सामन्यात टोपलीची उंचीच १० फुटांऐवजी १२ फूट करून पाहण्यात आली. उंच खेळाडूंचा फायदा कमी होईल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात सर्वांचेच नेम चुकले आणि उडालेला चेंडू पकडण्यात उंच खेळाडूच सरस ठरले. तो प्रयोग तेथेच संपला.

निवृत्ती आणि अपयशे

१९५४ च्या विजेतेपदानंतर वयाच्या तिसाव्या वर्षी मायकन यांनी निवृत्ती जाहीर केली. शरीर थकले होते. हाडे अनेकदा मोडली होती, अनेक टाके पडले होते. शिवाय वाढत्या कुटुंबाची जबाबदारी होती आणि कायद्याची पदवी हाती होती. १९५५-५६ मध्ये संघाच्या गरजेपोटी ते ३७ सामन्यांसाठी परतले. परंतु सामन्यामागे १०.५ गुणांची सरासरी पाहता जुने मायकन परतले नव्हते हे उघड होते. २४ सेकंदांच्या नव्या वेगवान खेळात त्यांची संथ, दमदार शैली बसत नव्हती.

पुढील काही वर्षे अपयशाची गेली. १९५६ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे त्यांनी मिनेसोटातून अमेरिकी प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली आणि थोडक्या मतांनी हरले. १९५७-५८ मध्ये लेकर्सचे प्रशिक्षकपद स्वीकारले. संघाने ३९ पैकी ३० सामने गमावल्यावर ते पद सोडले. १९५९ मध्ये मात्र बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला.

तीन गुणांची रेषा

एनबीएला आव्हान देण्यासाठी १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन (एबीए) स्थापन झाली. तिचे पहिले आयुक्त म्हणून मायकन यांची निवड झाली. तपकिरी चेंडू दूरच्या प्रेक्षकाला नीट दिसत नाही, असे सांगून त्यांनी लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांचा चेंडू आणला. त्याहून दूरगामी ठरला तो दुसरा निर्णय. ठरावीक रेषेबाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण देण्याची पद्धत एबीएने स्वीकारली. ही कल्पना मूळची मायकन यांची नव्हे. ग्लोबट्रॉटर्सचे मालक एब सॅपरस्टिन यांच्या अल्पायुषी लीगने १९६१ मध्ये ती वापरली होती. परंतु तिला खरे बळ मिळाले ते एबीएत. कमी उंचीच्या खेळाडूंना या रेषेमुळे वाव मिळेल, असे मायकन यांचे म्हणणे होते. ज्यांच्या उंचीला आवर घालण्यासाठी मैदानाची आखणी बदलावी लागली, त्यांनीच बुटक्या खेळाडूंसाठी नवी रेषा आखून दिली!

मायकन यांनी १९६९ मध्ये आयुक्तपद सोडले. एनबीएने १९७९-८० च्या हंगामापासून तीन गुणांची रेषा स्वीकारली. आजचा बास्केटबॉल बऱ्याच अंशी तिच्याभोवतीच फिरतो. लेकर्स गेल्यानंतर मिनियापोलिसला पुन्हा एनबीएचा संघ मिळावा यासाठीही मायकन यांनी पुढाकार घेतला. १९८९ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ज मैदानात उतरले, त्यात त्या प्रयत्नांचा वाटा होता.

शेवटचा लढा

एनबीएतील खेळाडूंना निवृत्तिवेतन सुरू झाले ते १९६५ मध्ये. तेही सहजासहजी नव्हे. १९६४ च्या ऑल-स्टार सामन्यापूर्वी बोस्टनमध्ये खेळाडूंनी मैदानात न उतरण्याचा पवित्रा घेतल्यावर मालकांनी मागणी मान्य केली. मात्र १९६५ पूर्वी निवृत्त झालेले खेळाडू या योजनेबाहेर राहिले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनाही काही रक्कम देण्याचे ठरले, परंतु तिचा दर नंतरच्या खेळाडूंच्या तुलनेत बराच कमी होता. थंड्या क्रीडागृहांत खेळलेली, रात्रभर रेल्वेने प्रवास करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरलेली ही पिढी होती. तिच्या उमेदीच्या काळात या खेळात आयुष्याची तरतूद करण्याइतका पैसाच नव्हता.

मायकन यांना उत्तरायुष्यात मधुमेहाने ग्रासले. २००० मध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मूत्रपिंडे निकामी झाल्याने नियमित डायलिसिस सुरू झाले. उपचारांच्या खर्चाने संसार मेटाकुटीस आला. त्यांना एनबीएकडून मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याला सुमारे १,७०० डॉलर होते. कारकिर्दीतील आठवणींच्या वस्तूही त्यांना विकाव्या लागल्या. अशा अवस्थेतही आपल्या पिढीच्या सर्व खेळाडूंसाठी ते वाढीव निवृत्तिवेतनाची मागणी करत राहिले. १ जून २००५ रोजी ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ही मागणी अपुरीच राहिली होती.

त्यांच्या अंत्यविधीचा खर्च शकील ओ’नील यांनी उचलला. लेकर्सला तीन विजेतीपदे मिळवून देणारे आणि त्या वेळी मायामी हीटकडून खेळणारे ओ’नील हे मायकन यांच्याच परंपरेतील धिप्पाड सेंटर. ९९ क्रमांकाचा हा खेळाडू नसता तर आपणही नसतो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

सन्मान आणि देणे

मरणोत्तर मानसन्मानांची उणीव राहिली नाही. एनबीएने १९९६ मध्ये निवडलेल्या पन्नास सर्वश्रेष्ठ खेळाडूंत मायकन होतेच. २०२१ मध्ये लीगच्या पंचाहत्तरीनिमित्त जाहीर झालेल्या यादीतही त्यांचे नाव आले. मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये त्यांचा पुतळा २००१ मध्ये, त्यांच्या हयातीतच उभारला गेला होता. लॉस एंजेलिस लेकर्सने ३० ऑक्टोबर २०२२ रोजी ९९ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. मायकन लॉस एंजेलिसकडून एकही सामना खेळलेले नव्हते. शेवटच्या सामन्यानंतर या सन्मानाला ६६ वर्षे लागली.

हंगामात सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूला दिल्या जाणाऱ्या एनबीएच्या चषकाला डिसेंबर २०२२ मध्ये मायकन यांचे नाव देण्यात आले. चष्म्यामुळे शाळेच्या संघातून वगळलेल्या आणि सरावाच्या बळावर आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ ठरलेल्या खेळाडूसाठी याहून समर्पक गौरव दुसरा नसावा. मात्र चषकांना आणि क्रमांकांना दिलेली नावे पुढच्या पिढीसाठी असतात. ज्यांनी व्यवसायाचा पाया घातला त्यांचे देणे त्यांच्या हयातीतच चुकते व्हावे लागते. मायकन यांच्या बाबतीत ते झाले नाही, आणि त्यांच्या पिढीतील बहुतेक खेळाडू आज हयात नाहीत.

दृष्टिक्षेपात मायकन

जन्म : १८ जून १९२४, जोलिएट (इलिनॉय)
निधन : १ जून २००५, स्कॉट्सडेल (ॲरिझोना)
उंची : ६ फूट १० इंच, जागा : सेंटर, क्रमांक : ९९
विद्यापीठ : डीपॉल, शिकागो
व्यावसायिक संघ : शिकागो अमेरिकन गिअर्स (१९४६-४७), मिनियापोलिस लेकर्स (१९४७-५४ व १९५५-५६)
विजेतीपदे : एनबीएल – १९४७, १९४८, बीएए – १९४९, एनबीए – १९५०, १९५२, १९५३, १९५४
बीएए व एनबीएमधील एकूण गुण : १०,१५६
हॉल ऑफ फेम : १९५९